घडीच्या खुर्चीवरची कॅप्टन

कंपनीचा निरोप आला तेव्हा ती दुकानाच्या मागच्या खोलीत डबा उघडत होती. दुकान नवऱ्याचं, चष्म्यांचं. पुढे फ्रेमांची कपाटं आणि अक्षरांचा तक्ता, मागे काचा घासायचं यंत्र आणि दोन स्टुलं. तिचे हात खरकटे होते, म्हणून फोन त्याने उचलला आणि गिऱ्हाइकाला नंबर सांगावा तशा सपाट आवाजात वाचला.

"निवासस्थानाहून बेसवर पोहोचणे ही वैमानिकाची सर्वस्वी खासगी बाब आहे. त्यात झालेला विलंब, कारण कोणतेही असो, गैरहजेरी धरण्यात येईल." त्याने फोन पालथा ठेवला. "म्हणजे काय गं?"

"म्हणजे मेलीस तरी वेळेवर मर."

"आधी काय होतं?"

"आधी दोन विमानांसाठी रांगेत उभं राहायचं. दोन्ही हुकली तर माफ असायचं. आपण निघालो होतो, विमानानेच नेलं नाही, एवढं तरी कुणी मान्य करायचं."

"आणि आता धुकं पडलं तर?"

"माझं धुकं."

"धुकंही खासगी झालं म्हणजे," तो म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिने पोळीचा घास मोडला, तो तसाच हातात धरून बसली, मग डब्यात परत ठेवला.

उंच, काटकुळ्या अंगाची, आणि घासली की पेटणारी, म्हणून वैमानिकांमध्ये तिला मागून आगकाडी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. समोर सगळे कॅप्टन म्हणत, आणि ते तिला अजून नवं होतं. सहवैमानिकाच्या उजव्या खुर्चीवर अर्धं तारुण्य घालवल्यावर डावी खुर्ची मिळाली होती. खांद्यावरच्या तीन पट्ट्यांच्या चार झाल्या त्या दिवशी सासूबाईंनी चौथी पट्टी बोटाने चाचपून पाहिली होती आणि म्हटलं होतं, "एवढीशीच? मला वाटलं, काही मोठं देतील."

घरापासून विमानतळ रिक्षाच्या अंतरावर. लग्न झालं तेव्हा बेस, म्हणजे वैमानिकांनी कामावर हजर व्हायचं ठिकाण, इथेच होता. मग कंपनीने तो उचलून दुसऱ्या शहरात नेला. विमानाने पावणेदोन तास. त्या वेळी सभा भरवून तोंड भरून सांगितलं होतं: घरं हलवू नका, मुलांच्या शाळा मोडू नका, आपलीच विमानं आहेत, या-जा करा. तिने ते खरं मानलं. नवऱ्याचं दुकान म्हणजे खोकं नव्हतं, उचलून दुसरीकडे मांडायला. माणसं त्याच्याकडे तीन-तीन पिढ्यांचे डोळे घेऊन येत. मुलीची शाळा होती. सासूबाईंना तर कोपऱ्यावरच्या भाजीवालीशी भांडल्याशिवाय जेवण जात नसे.

या-जा करायची पद्धत अशी. विमानात उरलेली जागा मिळाली तर ती घ्यायची. विमान भरलेलं असेल तर कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागे भिंतीला मिटलेली एक घडीची खुर्ची असते, ती. पण खुर्ची एकच, आणि नोकरीत जुना असेल त्याचा तिच्यावर पहिला हक्क. शिवाय संगणकाने ती तुमच्या नावावर केली तरी तसंच आत जाऊन बसत नाहीत. टोपी काखेत धरून दाराशी उभं राहायचं आणि त्या विमानाच्या कॅप्टनला विचारायचं, "येऊ का?" कॅप्टन मान वळवून म्हणतो, "या, घर तुमचंच." मग आत जायचं, खुर्ची ओढायची, चारही पट्टे बांधायचे, आणि कुणी बोललं तरच बोलायचं. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता हा. पण न विचारता आत शिरलेल्या माणसाची गोष्ट वर्षभर चघळली जाई.

बेसच्या शहरात विमानतळामागच्या गल्लीत अशा या-जा करणाऱ्या वैमानिकांचं खुराडं होतं. भाड्याचा फ्लॅट, दोन झोपायच्या खोल्या, एक बायकांची, एक पुरुषांची. दुमजली लोखंडी पलंग, प्रत्येकाला पडदा. इस्त्रीचं टेबल कधी मिटलेलं नसे. फ्रिजमध्ये चिकटपट्टी लावून कप्पे वाटलेले, तरी दुसऱ्याचं दही खाल्लं जाईच. झोपायच्या खोलीत बोलायचं नाही, गजर वाजवायचा नाही, फोन उशीखाली थरथरवायचा. पुरुषांच्या खोलीच्या दाराशी टोपी अडकवायला एक वाकडा खिळा होता. त्याला साहेबांचा खिळा म्हणत. आता रोस्टर विभागाचा प्रमुख झालेला, कोणी कधी कुठलं विमान न्यायचं ते ठरवणारा माणूस, बरीच वर्षं त्याच खोलीत खिडकीजवळच्या खालच्या पलंगावर झोपला होता. नवा नियम त्याच्याच सहीने आला होता.

"त्याला सगळं माहीत आहे, दादा," ती निरोपानंतरच्या फेरीत खुराड्यात म्हणाली. "माहीत नसलेल्या माणसाने लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं."

दादा म्हणजे त्यांच्यातले सगळ्यात जुने कॅप्टन. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, स्वयंपाकघरात उभ्यानेच खाणारे. त्यांचंही घर दुसऱ्या शहरात. "माहीत आहे म्हणूनच बरोबर दुखतंय तिथे दाबतोय," ते म्हणाले. "तू मनाला लावून घेऊ नकोस. अडचण आली की आजारी पडायचं. मी नोकरीत इतक्यांदा आजारी पडलोय, त्यातलं निम्मं जरी खरं असतं तर कधीच वर गेलो असतो."

"मी आजारी नसते ना पण."

"अगं, त्यांना चालतं. आजारी माणूस कुणाची चूक नसतो."

पुढच्या काही महिन्यांतच तिच्या नावावर दोन गैरहजेऱ्या लागल्या. एक धुक्याची. एकदा घडीच्या खुर्चीवर तिच्याहून जुना माणूस ऐनवेळी येऊन बसला, त्याची दुसरी. तिसरी लागली की डावी खुर्ची जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर झोपेतही माहीत असे.

आणि झोपेचंच खरं दुखणं होतं. घरातून बेसवर येण्यात गेलेला वेळ कंपनीच्या हिशेबी विश्रांतीत जमा होई. पहाटेपासून विमानतळांवर ताटकळलेला माणूस कामावर हजर झाला की तो ताजातवाना मानला जाई. कॉकपिटमध्ये एक जुनी रीत होती. यंत्रं तपासायच्या आधी कॅप्टन सहवैमानिकाला विचारतो, "झोप झाली?" सहवैमानिक म्हणतो, "झाली." दारं लागली का, पट्टे बांधले का, तसाच तो एक प्रश्न. उत्तर ऐकायला कोणी थांबत नसे. कॅप्टनला तर कोणी विचारतही नसे. कॅप्टनची झोप झालेलीच असते.

त्या दिवशी संध्याकाळचं विमान तिचं होतं. नियम आल्यापासून ती फार आधी निघे, तशी त्या दिवशीही काळोखातच उठली. मुलीच्या पांघरुणावरून हात फिरवला, नवऱ्याने दाराशी डबा दिला. पहिल्या विमानात जागा नव्हती, आणि घडीची खुर्ची एका तपासनीसाने घेतली. दुसऱ्या विमानात विचारून ती घडीच्या खुर्चीवर बसली, पट्टे बांधले, इंजिन सुरू झालं आणि बिघाड निघाला. सगळ्यांना उतरवलं. तिसरं भरलेलं. शेवटी भलत्याच दिशेच्या शहराला जाणाऱ्या विमानाच्या दाराशी जाऊन तिने टोपी काखेत घेतली, "येऊ का?" म्हणाली. तिथून दुसऱ्या विमानाच्या दाराशी पुन्हा टोपी काखेत, पुन्हा "येऊ का?" दोन्ही वेळा पाठ ताठ ठेवून त्या अरुंद फळीवर बसली. समोर दोन डोकी, मध्ये आकाशाचा तुकडा. डोळा लागू द्यायचा नाही, कारण दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये झोपणं वाईट दिसतं. डबा तिने उघडलाच नाही.

ती बेसवर पोहोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वेळेवर पोहोचली होती. हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं, हिरवा दिवा लागला, आणि तिला एकदम इतका संताप आला की यंत्राला लाथ घालावीशी वाटली. दिवसभर तिची परवड झाली होती आणि त्या यंत्राच्या लेखी ती घरात पडून, जेवून, विश्रांती घेऊन आली होती.

तिच्या विमानातला सहवैमानिक आधी येऊन बसला होता. सैन्यात हेलिकॉप्टर चालवून इकडे आलेला, बेसच्याच शहरात राहणारा, म्हणून त्याला फौजी म्हणत. ती कॉकपिटच्या दाराशी आली. टोपी काढून काखेत धरली.

"येऊ का?" ती म्हणाली.

फौजी हसला. "या मॅडम, घर तुमचंच."

ती आत आली. बॅग कोपऱ्यात सरकवली, भिंतीतून घडीची खुर्ची ओढली, बसली, खांद्यावरून दोन आणि कमरेवरून दोन पट्टे घेऊन मध्यभागी अडकवले, आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली. समोर फौजीचं डोकं होतं. डावीकडे रिकामी खुर्ची. बाहेर सामानाच्या गाड्या ये-जा करत होत्या. कॅप्टन अजून आलेला दिसत नाही, असं तिच्या मनात आलं.

फौजीने मान वळवली. अजून हसत होता. "मॅडम, गंमत झकास आहे. पण मला एकट्यालाच पाठवायचा बेत आहे का?"

तीही हसली. हसता हसता पट्ट्याच्या चापाकडे हात गेला आणि तिथेच थांबला. गंमत नव्हती ती. ती खरोखर कॅप्टनची वाट बघत बसली होती.

भीती वाटायला हवी होती, वाटलीही, पण तिच्या मागोमाग जे वर आलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून तीन ठिकाणी टोपी काखेत धरून दाराशी उभं राहायला लावलं होतं तिला, तेही इतकं की स्वतःच्या दाराशीसुद्धा ती उपऱ्यासारखी उभी राहिली. आणि थोड्या वेळाने मागे माणसं येऊन बसणार होती, पोराबाळांसकट, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होणारी.

"मला विचार," ती तिथूनच म्हणाली.

"काय विचारू?"

"झोप झाली का ते."

"कॅप्टनला कुठे विचारतात, मॅडम?"

"विचार म्हणते ना."

फौजीचं हसू मावळलं. त्याने पूर्ण वळून तिच्याकडे पाहिलं. "झोप झाली?"

"नाही," ती म्हणाली. "मी हे विमान नेणार नाही."

रोस्टर विभागात फोनवर एक गोड आवाजाची मुलगी असे. "आजारी टाकते हं मॅडम," ती लगेच म्हणाली. "काळजी घ्या."

"आजारी नाहीये मी. दमलेय."

"दमलेय असं इथे येत नाही, मॅडम. डोकं दुखतंय लिहू?"

"डोकं फिरलंय. ते येतं का बघ."

पलीकडे कुजबुज झाली, आणि मग साहेबांचा आवाज आला, पूर्वी खुराड्यात यायचा तसाच मऊ. "काय गं, काय झालं? आजारी म्हण आणि सुट. बदली कॅप्टन पाठवतो मी. कोण विचारतंय तुला?"

"कोणीच विचारत नाही, साहेब. तेच म्हणतेय."

"हे बघ, दमले म्हणालीस तर कशाने ते लिहावं लागेल."

"लिहा. पहाटे उठून तीन विमानांच्या दाराशी उभी राहिले. त्याने."

"तो तुझा प्रवास झाला. खासगी. मग ही तिसरी लागेल. कळतंय ना तुला, काय बोलतेयस ते?"

तिला कळत होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द दादा म्हणत, फौजीही म्हणाला असता, सगळे म्हणत. म्हटला की डावी खुर्ची शाबूत, चार पट्ट्या शाबूत. आणि नियमही शाबूत. त्या नियमाने कोणी दमत नाही, फक्त अधूनमधून माणसं आजारी पडतात, असंच मग कायम दिसत राहणार होतं.

"दमलेय," ती म्हणाली. "तसंच लिहा. दुसरं काही लिहिलंत तर मी तिथे येऊन खोडीन."

बदली कॅप्टन येईपर्यंत विमानाला उशीर झाला. दाराशी ताटकळलेले प्रवासी तिच्या गणवेशाकडे बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला सुनावलं, "तुम्हा लोकांना जबाबदारी म्हणून काही आहे की नाही?" तिने ऐकून घेतलं. त्यांच्यावर तिचा राग नव्हता. तो तिने जपून, अख्खा, दुसऱ्या माणसासाठी ठेवला होता.

तो माणूस आठवड्याच्या शेवटी भेटला. साहेबांच्या खोलीत टेबलावर विमानाची छोटी प्रतिकृती, भिंतीला जाड गादीचा सोफा. साहेबांनी पाणी पुढे केलं. तिने घेतलं नाही.

"तुला घर बदलायला कोणी अडवलंय का?" त्यांनी समजुतीने विचारलं.

"तुम्हीच. सभेत पहिल्या रांगेत बसला होतात. घरं हलवू नका म्हणाले तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तुमच्या होत्या."

"दिवस बदलतात. कंपनीने किती जणांच्या घरादाराचं बघायचं?"

"घरादाराचं बघू नका. माझ्या प्रवासाला विश्रांती म्हणू नका, एवढंच. तुम्ही त्या खालच्या पलंगावरून बुटांसकट उठायचात. दादांनी तोंडावर पाणी मारलं की जागे व्हायचात. ते खासगी होतं का?"

साहेबांनी प्रतिकृतीचं तोंड जरासं फिरवलं. "तेव्हा रोस्टर मी लिहीत नव्हतो."

"तेच म्हणतेय मी. लिहायला बसलात आणि खिळा विसरलात."

"आवाज खाली."

"आवाज खालीच आहे, साहेब. चढला की तुम्हाला कळेल."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग अगदी हळू म्हणाले, "अजूनही आजारी म्हण. मागच्या तारखेने करून देतो. तुझ्यासाठी करतोय मी हे."

ही मेहेरबानी तिला सगळ्यात जास्त झोंबली. "म्हणजे खोटं बोलले तर कॅप्टन राहते, आणि खरं बोलले तर नाही. हे तरी निरोपात लिहायचं होतंत. वाचायला सोपं गेलं असतं."

ती उठली. एका वर्षासाठी डावी खुर्ची गेली.

घरी मुलीने खांद्यावर बघितलं. तिची नजर बापासारखीच, बारीकसारीक आधी दिसणारी. "आई, एक पट्टी कुठे गेली?"

"काढून घेतली."

"का?"

"दमलेय म्हणाले म्हणून."

"मी रोज म्हणते. माझं तर काही काढून घेत नाहीत."

"तुझ्याकडे आहेच काय घ्यायला?" सासूबाई आतून म्हणाल्या, आणि मग बाहेर येऊन सुनेकडे बघत राहिल्या. "तेव्हाच म्हटलं होतं मी, एवढीशी पट्टी. द्यायची तर घट्ट शिवून तरी द्यायची." एवढं बोलून त्या तिच्यासाठी ताट वाढायला गेल्या. रात्री नवऱ्याने तिचा फोन स्वतःच्या उशाशी घेतला, तिला झोपता यावं म्हणून.

तिचा राग उतरला नाही. उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. ती पुन्हा टोपी काखेत धरून दाराशी उभी राहू लागली. फौजीने झालेली गोष्ट सगळीकडे सांगितली होती. त्याच्या सांगण्यात ती घडीच्या खुर्चीवरून बोलत असे आणि आवाज कंट्रोल टॉवरपर्यंत जात असे. तसं काही झालं नव्हतं, पण तिने दुरुस्त केलं नाही. खुराड्यात साहेबांच्या खिळ्यावर कोणीतरी फरशी पुसायचं फडकं अडकवलं, आणि ते तिथेच राहिलं.

मग एका सकाळी तिचं विमान दादांबरोबर लागलं. डावीकडे दादा, पोट पट्ट्यात कोंबून बसवलेलं. उजवीकडे ती, तीन पट्ट्यांची. दादाही आदल्या दिवशी घरून निघाले होते आणि पहाटे कधीतरी खुराड्यात येऊन टेकले होते. त्यांच्या पलंगाची करकर तिने भिंतीपलीकडून ऐकली होती. प्रवासी चढायला लागले होते. मागून डोक्यावरचे कप्पे आपटल्याचे आवाज येत होते.

दादांनी चष्मा पुसला, तिच्या नवऱ्याकडूनच करून घेतलेला, आणि यंत्रांकडे बघत नेहमीच्या सुरात विचारलं, "झोप झाली?"

"झाली," ती म्हणाली. त्या दिवशी ते खरं होतं.

दादांचा हात वरच्या बटणांकडे गेला.

"आणि तुमची?"

हात हवेतच राहिला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. ते आधी हसले, तिच्याकडे न बघताच. काहीतरी थट्टेचं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. मग चष्मा काढला आणि अंगठ्याने दोन्ही डोळे दाबले.

"थांब," ते म्हणाले. "जरा विचार करू दे."

मागून हवाईसुंदरीने डोकावून विचारलं, सगळे बसलेत, दार लावू का.

"थांबायचंय," तिने सांगितलं, आणि हात मांडीवर ठेवून दादांकडे बघत राहिली.